हाती मोबाईल, सोबतीला विवेक : खरेदी, शिक्षण आणि सर्जन

एका पिढीपूर्वी टपाल कचेरी, बँकेची शाखा, वाचनालय, छायाचित्रकाराचे दुकान आणि तालुक्याची बाजारपेठ ही निरनिराळी ठिकाणे होती. प्रत्येक ठिकाणी कामाची वेळ ठरलेली असे आणि समोर ओळखीचा माणूस बसलेला असे. नोट खोटी असेल तर रोखपाल ती बाजूला काढी, अर्जात चूक असेल तर कारकून ती दाखवून देई, कोणते पुस्तक वाचावे हे ग्रंथपाल सुचवी. आज ही सर्व ठिकाणे एका मोबाईलमध्ये एकत्र आली आहेत. वेळेची आणि अंतराची मोठी बचत झाली. परंतु तो मधला माणूस नाहीसा झाला. पारखण्याचे, तपासण्याचे आणि निवडण्याचे त्याचे काम आता ज्याच्या हाती साधन आहे त्यालाच करावे लागते.

हे काम सर्वांना सारखेच जमते असे नाही. म्हणूनच काही अडले की गावातील माणूस शिक्षकाकडे, ग्रामपंचायत सदस्याकडे किंवा ओळखीच्या शासकीय कर्मचाऱ्याकडे मोबाईल घेऊन येतो. ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांत प्रत्येकी एक व्यक्ती डिजिटल साक्षर करावी, या उद्देशाने केंद्र शासनाने २०१७ मध्ये मंजूर केलेली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना ३१ मार्च २०२४ रोजी पूर्ण झाली. मोबाईल हाताळावा कसा, हे त्यातून पुष्कळांना समजले. तो सारासार विचाराने कसा वापरावा, हा त्यापुढील धडा आहे. खरेदी, शिक्षण आणि सर्जन या दैनंदिन जीवनातील तीन क्षेत्रांच्या संदर्भात त्या धड्याचा येथे विचार केला आहे.

खरेदी : मागणी नोंदविण्यापूर्वी

बाजारात मडके घेताना ते वाजवून पाहण्याची आपल्याकडील रीत आहे. पडद्यावर दिसणारी वस्तू वाजवून पाहता येत नाही. मग ती पारखावी कशी, हा पहिला प्रश्न.

घरगुती प्रेशर कुकरचे उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी २०२१ पासून अशा कुकरवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले. कुकरच्या झडपेत किंवा धातूत दोष असेल तर तो स्वयंपाकघरात फुटण्याचा धोका असतो, हे त्यामागील कारण होय. तरीही असे प्रमाणित नसलेले कुकर ऑनलाईन विकले जात असल्याचे आढळून आल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काही मोठ्या विक्रीमंचांविरुद्ध दंडाचे आदेश काढले. याचा अर्थ असा की, मंच नावाजलेला असला तरी त्यावरील प्रत्येक वस्तू पारखलेली असतेच असे नाही. मंच हा पुष्कळदा बाजाराच्या जागेसारखा असतो. माल विकणारा व्यापारी निराळा असतो. म्हणून मंचाच्या नावाबरोबर विक्रेत्याचेही नाव वाचणे अगत्याचे आहे.

आयएसआय चिन्हासोबत परवाना क्रमांक छापलेला असतो. मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये तो घातला असता परवाना खरा आहे किंवा नाही ते कळते. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांकही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो. या तीन खुणा पाहण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

ऑनलाईन विक्रीसाठी केंद्र शासनाने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये २०२० मध्ये स्वतंत्र नियम केले. या नियमांनुसार वस्तूची सर्व आकारांसह एकूण किंमत, ती कोणत्या देशात तयार झाली, परत करण्याच्या व पैसे परत मिळण्याच्या अटी आणि विक्रेत्याची माहिती ग्राहकाला दिसली पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे ही मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरण्यासही मनाई आहे.

असे असले तरी ग्राहकाला घाईस आणण्याच्या युक्त्या अनेक आहेत. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘सवलत संपण्यास दहा मिनिटे’ अशी खोटी निकड दाखविणे, ग्राहकाने न निवडलेला विमा किंवा देणगी बिलात हळूच घालणे, किंमत आरंभी कमी दाखवून शेवटच्या पानावर आकार वाढवीत नेणे, वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे दुरापास्त ठेवणे, जाहिरात ही बातमी किंवा अभिप्राय असल्याचे भासविणे, ही त्यांची काही रूपे होत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने अशा १३ फसव्या प्रकारांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत नमूद करून त्यांना प्रतिबंध केला. तरीही पैसे देण्याच्या अखेरच्या पानावर थांबून बिलातील प्रत्येक ओळ वाचण्याची सवय हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. घाटरस्त्यावरील ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी येथेही तितकीच लागू पडते.

इतर ग्राहकांच्या अभिप्रायांबाबतही तारतम्य हवे. पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे अभिप्राय बाजूला ठेवून मधले वाचावेत. वस्तू काही महिने वापरल्यानंतर लिहिलेला आणि गुण व दोष दोन्ही सांगणारा अभिप्राय अधिक उपयोगी असतो. एकाच दिवशी एकाच धर्तीच्या शब्दांत आलेले अनेक अभिप्राय संशयास्पद समजावेत.

दुरुस्तीची सोय हाही किमतीचाच भाग होय. पाण्याचा पंप ऑनलाईन चारशे रुपये स्वस्त मिळाला, पण बिघडल्यावर तो दुरुस्त करणारा जवळपास नसेल आणि ऐन पाण्याच्या पाळीला पंप बंद राहिला, तर ती बचत कोणत्या कामाची? तालुक्याच्या दुकानातील दर, तेथील हमी आणि दुकानदाराची ओळख हे सर्व जमेस धरूनच तुलना करावी.

वस्तू मागविल्यावर मागणीचा, किमतीचा व अटींचा स्क्रीनशॉट ठेवावा. महागडी वस्तू उघडताना चित्रफीत काढावी. वस्तू सदोष निघाली आणि मंचाने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग मोकळा आहे. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल करण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीला असला तरी सोलापूरच्या ग्राहकाला दिल्लीस जावे लागत नाही.

पैसे देताना

राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय ही व्यवस्था सुरू केली. भाजीवाल्यापासून बी-बियाण्यांच्या दुकानापर्यंत ती पोहोचली आहे. व्यवस्था सुरक्षित आहे. फसवणूक होते ती बहुधा यंत्राची नव्हे, माणसाची. म्हणून तिचे कार्य समजून घेणे हिताचे ठरते.

पहिला नियम : खात्यात पैसे येण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो खात्यातून पैसे जाण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी. त्याचप्रमाणे क्यूआर कोड स्कॅन करावयाचा तो पैसे देण्यासाठी. ‘तुम्हाला पैसे पाठवितो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा मनुष्य पैसे देणारा नसून घेणारा आहे, हे निश्चित समजावे. जुनी मोटारसायकल किंवा जनावर विकण्याची जाहिरात देणाऱ्यांना या प्रकाराची विशेष माहिती हवी.

दुसरा नियम : बँकेचा किंवा कंपनीचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे खोटे क्रमांकही आढळतात. पासबुक, बँकेचे कार्ड किंवा वस्तूचे वेष्टन यावरील क्रमांकच वापरावा.

तिसरा नियम : संदेशातून आलेली फाईल मोबाईलवर बसवू नये. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा शासकीय योजनेची यादी असे नाव देऊन ॲपची फाईल पाठविली जाते. ती बसविल्यास मोबाईलवर येणारे ओटीपी परक्याला वाचता येऊ शकतात. पत्रिका हे चित्र असते. ते पाहण्यासाठी काहीही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही.

चौथा नियम : पोलीस किंवा न्यायालय दूरध्वनीवरून अटक करीत नाही. गणवेश घालून चित्रसंवादावर दिसणारी आणि ‘डिजिटल अटके’ची भीती घालून पैसे मागणारी व्यक्ती ठग असते. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वात नाही. या प्रकाराला निवृत्त शिक्षक आणि अधिकारीही बळी पडले आहेत, कारण कायद्याला मान देण्याची त्यांची सवयच ठगाच्या कामी येते.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. १९३० हा राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाईनचा क्रमांक आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. तक्रार लवकर पोहोचली तर जेथे रक्कम अद्याप शिल्लक असेल तेथे ती रोखून धरता येते. त्यामुळे येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. त्याच वेळी बँकेसही कळविणे आवश्यक आहे. बँकेच्या किंवा ग्राहकाच्या चुकीशिवाय झालेला व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भुर्दंड पडू नये, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असल्यास कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. यावरून कळविण्याचे महत्त्व ध्यानात येईल.

शिक्षण : प्रश्न आधी, पडदा नंतर

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाशी पाठ्यपुस्तके अशाच कोडने जोडली गेली. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत. ‘स्वयम्’वर उच्च शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत आणि खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात पुस्तकांचा व लेखांचा मोठा साठा आहे. मराठी वाचकासाठी विशेष आनंदाची बाब म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश आता मोबाईलवर विनामूल्य वाचता येतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. एकेकाळी ज्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागे, ते आज वस्तीशाळेत येऊ शकते.

तथापि साहित्य उपलब्ध होणे म्हणजे शिक्षण होणे नव्हे. चित्रफीत लावून वर्ग शांत बसविणे सोपे आहे. ती पाहून मुलाच्या मनात प्रश्न उभा करणे हे शिक्षकाचे काम आहे. याकामी एक साधी पद्धत उपयोगी पडते. शिक्षकाने चित्रफीत आधी स्वतः पूर्ण पाहावी. त्यातील पाच-सात मिनिटांचाच भाग निवडावा. दाखविण्यापूर्वी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत, मध्ये एकदा थांबवून मुलांना ‘पुढे काय होईल’ असे विचारावे आणि नंतर वहीत उत्तरे लिहून घ्यावीत. वर्गात एकच मोबाईल असला तरी ही पद्धत चालते.

भूगोलाच्या पाठाचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर २००९ पासून उपग्रहांनी टिपलेली देशाची चित्रे पाहता येतात. त्यावर शिक्षकाने आपले गाव शोधावे. शाळा, ओढा, पाझर तलाव, गायरान आणि रस्ते मुलांना ओळखावयास लावावेत. नंतर मुलांनी कागदावर गावाचा नकाशा काढावा आणि दुसऱ्या दिवशी शिवारफेरीत तो पडताळून पाहावा. चित्रात दिसणारा पाण्याचा साठा प्रत्यक्षात गाळाने भरलेला आढळला, तर ती माहिती ग्रामपंचायतीच्याही उपयोगाची ठरते. येथे मोबाईल निरीक्षणाची जागा घेत नाही. निरीक्षणास उद्युक्त करतो.

२०२२ च्या अखेरीपासून प्रश्नाला लगेच उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. मराठीतही ती बोलतात. त्यांची भाषा सफाईदार असते. परंतु उत्तर चुकीचे असले तरी सूर तितकाच ठाम असतो, हा त्यांचा मोठा दोष आहे. पुष्कळ मजकूर वाचून शब्दांमागून शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणे ही त्यांची मूळ कार्यपद्धती असल्यामुळे हे घडते. म्हणून सन, आकडा, व्यक्तीचे नाव, औषधाचे प्रमाण आणि कायद्याचे कलम या पाच बाबी विश्वकोश, पाठ्यपुस्तक किंवा मूळ शासकीय कागद यांत पडताळल्याशिवाय स्वीकारू नयेत. मुलांना तर अशा साधनाने दिलेल्या उत्तरातील चुका शोधण्याचाच गृहपाठ द्यावा. त्यातून विषयही पक्का होतो आणि आंधळा विश्वासही कमी होतो.

पडद्यापुढील वेळेचा प्रश्न घरोघरी आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर ग्रामसभेतून उपाय काढला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास आणि मोठ्यांनी वाचन किंवा संवाद करावा, असे ठरले. करोनाकाळात शाळा बंद असताना मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागील कारण होते. केवळ मुलांना दटावण्याऐवजी मोठ्यांनीही तोच नियम स्वतःस लावून घेतला, हा या उपक्रमाचा महत्त्वाचा विशेष होय.

सर्जन : पाहणाऱ्यापासून करणाऱ्यापर्यंत

मोबाईलवर इतरांनी केलेले पाहण्यातच बहुतेकांचा वेळ जातो. त्याच यंत्रात ध्वनिमुद्रक, कॅमेरा, वही आणि छपाईची जुळणी आहे, याचे स्मरण क्वचितच राहते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातील आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदविल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी प्रसिद्ध केल्या. पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले आणि जात्याबरोबर ओवीही थांबली. ती नोंदविली गेली नसती तर सासर-माहेर, कष्ट आणि भक्ती यांविषयी स्त्रियांनी रचलेले फार मोठे काव्य त्यांच्याबरोबरच लोपले असते.

हे कार्य सुरू झाले तेव्हा ध्वनिमुद्रक यंत्र ही दुर्मिळ वस्तू होती. आज ते जवळजवळ प्रत्येक घरात आहे. प्रत्येक गावात ओव्या, भारुडे, शेतकामाची गाणी, जुन्या वाणांची व औषधी वनस्पतींची नावे ज्यांना ठाऊक आहेत असे वृद्ध स्त्री-पुरुष आहेत, आणि त्यांच्यासाठी वेळ थोडा आहे. शाळेतील मुलांनी हे काम करावयाचे ठरविल्यास काही पथ्ये पाळावीत. प्रथम संबंधितांची संमती घ्यावी. पंखा, दूरचित्रवाणी बंद करून शांत जागी, मोबाईल हातभर अंतरावर स्थिर ठेवून मुद्रण करावे. सुरुवातीसच नाव, गाव आणि दिनांक बोलून घ्यावा. मुद्रणाची एक प्रत मोबाईलबाहेर, शाळेच्या संगणकावर किंवा वेगळ्या साठवणीत ठेवावी. मोबाईल हरवला की मुद्रणही गेले, असे होऊ नये.

लिखाण करताना युनिकोडचा आग्रह धरावा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि शोधून सापडत नाही. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झाला. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गावाची माहिती, योग्य संदर्भ देऊन, कोणालाही लिहिता येते. गावातील जुन्या बारवेचे छायाचित्र तेथे मुक्त परवान्याने ठेवले, तर जगभरातील मराठी माणसाला ते पाहता येईल.

दुसऱ्याचे काम वापरताना कायद्याचे भान हवे. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे साहित्यावर हक्क राहतो. वर्गात शिकविण्याच्या ओघात उतारा वापरण्यास शिक्षकास सवलत आहे. तोच उतारा किंवा चित्रपटगीत चित्रफितीत घालून सर्वत्र प्रसारित करणे ही निराळी गोष्ट आहे. मुलांची छायाचित्रे नावासह प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची परवानगी घ्यावी.

महिला बचत गटांनाही या साधनाचा प्रत्यक्ष लाभ होऊ शकतो. पापड किंवा चटणीचे छायाचित्र खिडकीजवळच्या उजेडात, साध्या कापडावर ठेवून काढावे. वजन, किंमत, घटक, तयार केल्याची तारीख आणि १४ अंकी क्रमांक स्पष्ट लिहावा. ग्राहक म्हणून जी माहिती मागावयाची, तीच विक्रेता म्हणून द्यावयाची, एवढे सूत्र सांभाळले म्हणजे विश्वास जडतो आणि मागणी टिकते.

गावपातळीवर काय करता येईल

वरील बहुतेक गोष्टींना खर्च लागत नाही. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा आणि सहकारी सोसायटीच्या भिंतीवर १९१५ आणि १९३० हे क्रमांक ठळक अक्षरांत, ते कशासाठी आहेत यासह रंगवून घेता येतील. ग्रामसभेत अर्धा तास राखून ठेवून त्या तिमाहीत परिसरात घडलेल्या फसवणुकीचा प्रकार, कोणाचेही नाव न घेता, समजावून सांगता येईल. सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून एक सायंकाळ विश्वकोश, पाठ्यपुस्तके आणि शब्दकोश मोबाईलवर कसे पाहावेत यासाठी देता येईल. शिकविण्याचे काम दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे; आजी-आजोबांना ती मुले जितक्या आपुलकीने सांगतील तितके अन्य कोणी सांगणार नाही. त्याच बैठकीत आजीने ओवी म्हणावी आणि नातवाने ती नोंदवावी, अशी देवाणघेवाण झाली तर दोन्ही कामे साधतील.

फसलेल्या माणसाला हसू नये, हेही गावाने ठरविण्यासारखे आहे. हसे होईल या भीतीनेच माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तोवर रक्कम हाताबाहेर जाते. ‘तुमचा दोष नाही, आधी १९३० लावा’ असे म्हणणारा एक सदस्य किंवा एक शिक्षक गावात असला, तर एखाद्या कुटुंबाची वर्षभराची कमाई वाचू शकेल. जुन्या काळी रोखपाल, कारकून आणि ग्रंथपाल जे काम आपापल्या जागी बसून करीत, ते आता अशा जाणत्या माणसांनी वाटून घ्यावयाचे आहे.